गुरुजींचे तीनशे बारा रन

शालीकराम गुरुजींनी आयुष्यात तीनशे बारा रन काढले, असं गोंदियात कोणाला सांगितलं तर ऐकणारा हमखास विचारी, ‘किती बॉलमध्ये?’ सुशिलाबाईंना या विनोदाचा पहिल्यांदा राग यायचा. मग हसू यायला लागलं. गुरुजी गेल्यावर मात्र तोच विनोद ऐकला की त्या उठून आत जात. गुरुजींनी जन्मात बॅट हातात धरली नव्हती. रन हा इंग्रजीतला शब्द, पोरं पहिल्या दुसऱ्या वर्षातच शिकतात तो. धावणे, बस, संपलं. पण गुरुजी म्हणत, संपलं कुठं? एवढ्याशा शब्दाच्या पोटात अख्खं गाव मावते. आणि ते गाव त्यांनी एकोणचाळीस वर्षं एका लांबोळक्या, लाल कापडी पाठीच्या रजिस्टरात बसवून दाखवलं.

सुरुवात सुशिलाबाईंपासूनच झाली. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. नव्या नवरीनं आपलं लाल लुगडं आणि नवऱ्याचा पांढरा सदरा एकाच बादलीत भिजवला. सदरा निघाला गुलाबी! शाळेत घालायचा एकुलता एक चांगला सदरा. सुशिलाबाई विहिरीवरच रडायला बसल्या. गुरुजी आले, सदरा उन्हात धरून पाहिला आणि खो खो हसत सुटले.

“रडतेस काऊन? लुगड्याचा रंग पराला, पळून गेला. इंग्रजीत यालेही रनच म्हनतात!”

त्यांनी रजिस्टर काढलं, त्यात इंग्रजीत लिहिलं, ‘सुशिलाच्या लुगड्याचा रंग गेला,’ आणि पेन तिच्या हातात दिला. “सही कर. तू साक्षीदार हायेस.” चौथी पास सुशिलाबाईंनी मराठीत, एकेक अक्षर जपून, सही केली. तो रन नंबर एक.

तेव्हापासून ती रीतच पडली. शाळा सुटली की गुरुजी हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि विचारत, “आज गावात का झालं?” सुशिलाबाई सांगत. गुरुजी त्यात रन शोधत. रुख्माबाईचं नाक हिवाळाभर वाहते, रन. चोरखमाऱ्याच्या तलावाची नहर केशोरावच्या धानाच्या बांधीजवळून जाते, रन. गजेंद्र सरपंचकीले उभा राहिला, रन. देवचंदची राइस मिल दोन पाळ्यांत चालते, तोही रन. ताप भरते, तेल संपते, गाडी उशिरा धावते, घराण्यात टक्कल चालत येते. सुशिलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण बातम्या त्यांच्याच. अर्ध्या रजिस्टरावर आपला हक्क आहे हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि गुरुजींनी कधी नाकारलंही नाही.

प्रत्येक वाक्याखाली गुरुजी बारीक अक्षरात त्या अर्थाचे दुसरे इंग्रजी शब्द लिहीत. त्यांना ते चुलतभाऊ म्हणत. नहरेला ‘फ्लो’ चालते, निवडणुकीला ‘कॉन्टेस्ट’ चालते, गिरणीला ‘ऑपरेट’ चालते. “पन चुलतभाऊ तो चुलतभाऊ,” ते म्हणत. “कामाले येईल, सख्खा होनार नाई. रुख्माच्या नाकाले रनच पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काखेत मारून गुरुजी त्या माणसाच्या दारात उभे. जनगणना, मतदान, गुरांची मोजणी, सरकारनं मास्तरांच्या गळ्यात घातलेली सगळी कामं त्यांनी केली होती, आणि त्यातून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. साक्षीदाराशिवाय पंचनामा नाही, अन् साक्षीदाराशिवाय अर्थ नाही. ज्याचं वाक्य, त्याची सही समोर पाहिजे. सही येत नसेल त्याचा अंगठा. त्यासाठी शाळेतलं निळं शाईपॅड घरी येऊन पडलेलं. गावात म्हणच झाली होती, गुरुजीच्या वहीत सही केली म्हणजे नाव इंग्रजीत गेलं. म्हातारे कोतारे मुद्दाम थांबवून विचारत, “गुरुजी, माहा नंबर कधी?” त्यातले निम्मे आता मसणवट्यात गेले. त्यांचे फोटोही घरात नसतील, पण अंगठे होते.

सुशिलाबाईंना वाक्यं वाचता येत नसली तरी नावं ओळखता यायची. तेवढं गुरुजींनी शिकवलं होतं. इंग्रजीतलं आपलं नाव, रुख्माचं, केशोरावचं, गजेंद्रचं. दुपारी एकट्या असल्या की त्या रजिस्टर उघडून गावातून फिरून आल्यासारख्या नावं बघत बसायच्या.

एकशेअठ्ठेचाळीस नंबरवर होता हिमांशू. सातवीत असताना शाळेत लस टोचणारी बाई आली आणि हा पठ्ठ्या मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला, तो थेट नहरेच्या पुलाखाली सापडला. गुरुजींनी त्याला मारलं नाही. वाक्य लिहिलं आणि सही घेतली. रडतरडत केलेली सही, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. त्याच हिमांशूची आता गोंदियात दोन मजली अकॅडमी होती. तलाठी भरती, पोलीस भरती, सगळ्या परीक्षांचं इंग्रजी. ऑटोरिक्षांच्या पाठीवर त्याचा टाय घातलेला फोटो फिरायचा.

मागच्या पोळ्याआधी गुरुजी गेले. तेरवीला हिमांशू कार घेऊन आला. फोटोपुढं बसून ढसाढसा रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं सुशिलाबाई आजही म्हणत नाहीत. हीच तर पंचाईत आहे. ठार खोट्या माणसाचा राग करणं सोपं असतं.

“काकी, हे रजिस्टर घरात कसर खाऊन टाकेल,” तो म्हणाला. “मी छापतो ना. पोरं दुवा देतील गुरुजींना.”

सुशिलाबाईंनी रजिस्टर गुरुजींच्या पांढऱ्या दुपट्ट्यात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. सोबत दोन पानांचा इंग्रजी कागद, वर सरकारी शिक्का.

“इथं एक सही लागते, काकी. छापायसाठी.”

“मंग आमची नावं येतील ना पुस्तकात?”

“बोलता काय काकी! टेन्शनच घेऊ नका.”

आता इथं कोणीही शहाणा माणूस म्हणेल, कागद वाचून घ्यायचा होता, कोणाला तरी दाखवायचा होता. बँकेत दाखवला असता त्यांनी, तलाठ्याकडेही दाखवला असता. पण हा रजिस्टरचा कागद होता. त्या घरात एकोणचाळीस वर्षं सहीचा एकच अर्थ होता, सही केली की नाव पुस्तकात जाते. सुशिलाबाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या दिवशीसारखीच जपून सही केली. वर स्वतःच म्हणाल्या, “थांब, साक्षीदार पाहिजे ना!” शेजारच्या रुख्माबाईला हाक मारली, कपाटातून निळं शाईपॅड काढलं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि तिचा अंगठा उठवून घेतला. हिमांशूनं साक्षीदार मागितलाही नव्हता. क्षणभर तो त्या अंगठ्याकडं बघत राहिला आणि कागद घडी घालून खिशात टाकला.

मग काय, सुशिलाबाई घरोघर गेल्या. पुस्तक येऊन राहिलं, तुमचं नाव छापून येते! केशोरावनं फोटोला घालायला ठेवलेली नवी टोपी काढली. गजेंद्र निवडणूक हरला होता, तरी म्हणाला, “हरलो ते नका लिहू म्हना, उभा राहिलो तेवढंच लिहा.” ज्यांची माणसं गेली होती त्या घरांतून बाया डोळ्याला पदर लावून विचारत, “आमच्या बुढ्याचं येईल?” सुशिलाबाई सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगत, “येईल. माहा शब्द हाये.”

प्रकाशन गोंदियाला, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला होतं. सुशिलाबाईंसोबत रुख्माबाई आली, नाकाला पदर लावून, आणि रुख्माबाईची नात खुशी आली. खुशी बावीस वर्षांची, हिमांशूच्याच अकॅडमीत तलाठी भरतीचा क्लास लावलेली. हॉल पोरांनी खचाखच भरला होता. सुशिलाबाईंना स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. माइक दिला नाही. “वेळ कमी आहे,” सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड हसून म्हणाली. मग पुस्तक हातात आलं.

चकचकीत कव्हर. त्यावर हिमांशूचा टायवाला फोटो. सुशिलाबाईंनी गुरुजींचं नाव शोधलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. त्यांनी मनाला समजावलं, आत असेल. पहिलं वाक्य काढलं. आपलं नाव त्यांना झोपेतही ओळखता आलं असतं. तिथं नव्हतं. पान उलटलं. रुख्मा नाही. केशोराव नाही, गजेंद्र नाही. त्या पानांमागून पानं उलटत राहिल्या, खाली टाळ्या वाजत राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत समोसे वाटणं चाललं होतं. सुशिलाबाईंनी खुशीला कोपऱ्यात ओढलं. “हे वाच. पयलं.”

खुशीनं वाचलं, अर्थ सांगितला. “स्वस्त साडी धुतली की रंग जातो.”

“स्वस्त?” सुशिलाबाई म्हणाल्या. “माहं लग्नाचं लुगडं होतं ते! कोनाची साडी?”

“कोनाचीच नाही, काकी. नुसती साडी.”

“अन् रुख्माचं नाक?”

खुशीनं पान काढलं. तिचा आवाज खाली गेला. “मेरीचं नाक हिवाळ्यात वाहते.”

“मेरी कोन?”

“कोनीच नाही. इंग्लिश नाव हाये.”

केशोरावच्या बांधीजवळची नहर आता एक नदी झाली होती आणि समुद्राला मिळत होती. सरपंचकीला जॉन नावाचा कोणी मेयर व्हायला उभा होता. चुलतभाऊ मात्र सगळे जागेवर, फ्लो, कॉन्टेस्ट, ऑपरेट, गुरुजींनी ज्या क्रमानं लिहिले त्याच क्रमानं. गुरुजींचं नाव शोधता शोधता खुशी शेवटच्या पानावर पोचली. तिथं एक ओळ होती, ‘माझ्या सर्व शिक्षकांचे आभार.’ आणि कव्हरवर मोठ्या आकड्यात होतं, एक शब्द, तीनशे अकरा अर्थ.

“तीनशे अकरा?” सुशिलाबाईंनी विचारलं. “एक कोनता कमी?”

मग त्यांनीच एकशेअठ्ठेचाळीस काढायला लावला. भिंतीवरून पळालेला पोरगा पुस्तकात कुठंच नव्हता. खुशीनं दोनदा शोधलं.

हिमांशू लोकांशी हात मिळवत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा सुशिलाबाईंनी पुस्तक त्याच्या छातीशी धरलं. “नावं कुठी गेली रे?”

“काकी, समजून घ्या,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. “पोरं हे परीक्षेसाठी वाचतात. रुख्मा, केशोराव असं लिहिलं तर हसतात. स्टँडर्ड वाटत नाही. आणि नाव बदललं तरी अर्थ तोच राहते ना?”

“अन् गुरुजी? गुरुजी पन बदलले का? त्यायच्या जागी तू बसलास!”

आजूबाजूचे दोघे-तिघे बघायला लागले. हिमांशूचा चेहरा जरा आखडला. त्यानं मोबाइल काढला, त्यावर बोट फिरवलं आणि पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यांचीच सही. शेजारी निळा अंगठा. “सगळे हक्क तुम्ही दिले आहेत, काकी. साक्षीदारासकट. मी काही चोरलं नाही.”

सुशिलाबाई त्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. तो त्यांनीच उठवून घेतला होता. शाईपॅडवर पाणीही त्यांनीच टाकलं होतं. मेली अक्कल! या हातांनी, याच हातांनी.

“ठीक हाये,” त्या म्हणाल्या. “तुले पुस्तक लखलाभ होवो. माहं रजिस्टर दे. आत्ता दे. त्याच्यात लोकांचे अंगठे हायेत.”

हिमांशूनं पहिल्यांदा नजर चुकवली. “ते टायपिंगवाल्याकडं होतं. त्यानं दुकान बदललं. जुने कागद रद्दीत घातले म्हणे. मी विचारतो अजून.”

“रद्दीत.”

“विचारतो मी, काकी. शप्पथ.”

“तुहीही सही होती त्याच्यात,” सुशिलाबाई म्हणाल्या. “रडत रडत केलेली. गुरुजीनं तुले मारलं नव्हतं रे. मारायले पाहिजे होतं.”

तेवढ्यात कोणीतरी “सर, फोटो!” म्हणून हाक मारली आणि हिमांशू वळून गेला. लवकर गेला. सुशिलाबाईंनी शाल काढली, नारळासकट समोशांच्या टेबलावर ठेवली आणि पुस्तक तेवढं पिशवीत टाकलं. ते का घेतलं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिरोड्याच्या एसटीत तिघींना एकच बाक मिळाला. रुख्माबाई खिडकीशी, सत्तरीची बाई, पण सहलीला निघालेल्या पोरीसारखी आनंदात. मागच्या खोलीत काय झालं ते तिच्या कानावर गेलंच नव्हतं, ती समोशात रमली होती. अदासी गाव मागं पडलं तशी तिनं कोपरानं ढोसलं.

“माहं नाक आलं का वं पुस्तकात?”

सुशिलाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

“बोल ना बाई! आलं का?”

खुशी मान खाली घालून मोबाइल बघत होती. सुशिलाबाईंना अख्खं गाव आठवलं. केशोरावची नवी टोपी, डोळ्याला पदर लावणाऱ्या बाया. कोणाकोणाला काय तोंड दाखवायचं? त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि रुख्माबाईचं बोट धरून त्या परक्या नावावर ठेवलं.

“हे पाय. हे तू.”

“इंग्रजीत मले असं लिहितात?”

“होय.”

रुख्माबाईनं ते नाव अंगठ्यानं दोनदा चोळलं, जणू पुसलं जाते का पाहात होती. पुसलं गेलं नाही. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाकातूनही. “लहान दिसते नाई? मराठीत मोठं दिसते.” मग पुस्तक छातीशी धरून ती गावापर्यंत बसली.

गावात सुशिलाबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. रुख्माबाईनं पाहिली ती नमुन्याची प्रत, खरं पुस्तक अजून यायचं आहे म्हणाल्या, छपाईत उशीर आहे म्हणाल्या. केशोराव दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा विचारायला आला नाही, नुसता दुरून बघून रस्ता बदलला. कोणी म्हणे काकीनं वही विकली. कोणी रक्कमही सांगे. गावात बातमी कशी पळते हे सुशिलाबाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? त्यालाही इंग्रजीत रनच म्हणतात, नंबर बावन्न. त्या एका ओळीसमोर सही नव्हती. अफवेला साक्षीदार कोण होणार?

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी शेजारच्या ओट्यावरून घोकण्याचा आवाज आला. खुशी पुस्तक मांडीवर घेऊन पाठ करत होती, पहिल्यांदा इंग्रजीत, मग मराठीत. तिच्या मागं रुख्माबाई तांदूळ निवडत बसली होती. वाक्य ओळखीचं होतं, हिवाळ्यातल्या नाकाचं. सुशिलाबाई उठल्या. देवळीतला गुरुजींचा लाल पेन घेतला आणि कुंपणातून पलीकडं गेल्या. दहा दिवसांत त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. वही गेली तर गेली, पुस्तक तर आहे. त्यातलं एकेका घरचं वाक्य घ्यायचं, खोटं नाव खोडायचं, खरं नाव लिहायचं, सही घ्यायची. पुन्हा एकपासून. तीनशे अकरा नाही, तीनशे बारा.

“खुशी, हे घे पेन. ते मेरी खोड अन् तुह्या आजीचं नाव लिही.”

खुशीनं पुस्तक जवळ ओढलं. “काकी, उद्या टेस्ट आहे माझी.”

“एक नाव तर लिहाचं हाये.”

“नका ना, काकी.” तिच्या आवाजात चीड नव्हती, अजिजी होती. “वाक्य जसंच्या तसं लिहावं लागते. दुसरं नाव लिहिलं की सर मार्क कापतात. माझं हे शेवटचं वर्ष आहे. मला पाठच मेरी झालं आहे, आता रुख्मा टाकलं तर माझा गोंधळ होईल.”

“तुही आजी हाये ती!”

“मला माहीत आहे,” खुशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पुस्तक तिनं दिलं नाही.

रुख्माबाईनं सूप बाजूला ठेवलं. दोघींचं काय चाललंय ते तिला समजलं नाही, पण आपल्या नावाचा विषय निघाला एवढं समजलं. पदरानं नाक पुसून ती ऐटीत नातीला म्हणाली, “वाच बाई वाच. मेरी म्हंजे मीच व्हय. इंग्रजीत मले मेरी म्हनतात. या सुशिलानंच दाखवलं मले, एसटीत, बोट ठेवून.” मग ती सुशिलाबाईंकडं वळली. “सांग ना वं इले. मीच ना ते?”

खुशीनं मान वर करून सुशिलाबाईंकडं पाहिलं.

सुशिलाबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

“होय,” त्या म्हणाल्या. “तूच.”

“पाय!” रुख्माबाई नातीला म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.